चार मिनिटं नुसतं पाणी

फोन वाजला तेव्हा सिनेमा मध्यंतरावर थांबवलेला होता. लिंबं संपली म्हणून बायको कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती. "मी येईपर्यंत पुढे जायचं नाही," असं दारातून बजावून गेली होती.

फोन हॉस्पिटलच्या टेलिफोन ऑपरेटर मुलीचा होता. त्याच बोर्डावर त्याने तेहेतीस वर्षं काढली होती, आणि निवृत्त होताना तिला त्यानेच काम शिकवलं होतं.

"सर," ती म्हणाली आणि गप्प झाली.

असे फोन त्याने शेकड्यांनी जोडून दिले होते. गप्प होण्याचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता. दुकानाच्या पायरीवर ती टेकली ती उठलीच नाही, हे मागाहून कळलं.

तीन आठवड्यांनी मेहुणा डबा घेऊन आला. तिचा धाकटा भाऊ, वर्तमानपत्रात सिनेमांवर लिहिणारा.

"भाऊजी, दोन घास खाऊन घ्या."

"खातो. आधी तो सिनेमा लाव. अर्धा राहिलाय."

"कुठला?"

"दीपगृहाचा. तू एक तारा देऊन गाडलास तो."

मेहुणा कसनुसं हसला. हे भांडण जुनं होतं. एखादा सिनेमा पडला असं कळलं की नवराबायको लगेच त्याची तिकिटं काढायची. हॉल रिकामा, शेवटून दुसरी रांग. गर्दीच्या सिनेमाला ती कधी गेलीच नाहीत, तिथे लोक मागे वळून "शूऽ" करतात. डोअरकीपर म्हणायचा, "तीस वर्षं झाली लग्नाला, अजून कुजबुज संपेना यांची!"

पुढे थिएटर बंद पडलं. तिने त्याच सिनेमांच्या डिस्क शोधून शोधून जमवल्या. दर रविवारी दुपारी एक डिस्क. गंमत अशी, की प्रत्येक खेपेला सिनेमा आधीपेक्षा चांगला निघायचा. एका सिनेमात पोस्टमनच्या मागे मागे एक लंगडं कुत्रं चालत असतं, हे त्याला तिसऱ्या खेपेला कळलं.

"हे मागच्या वेळी कसं निसटलं?" त्याने विचारलं होतं.

"माझंही लक्ष नव्हतं," ती म्हणाली होती.

मेहुणा घरी आला की वाद पेटायचा. "कचरा आहे, भाऊजी. प्रेक्षक मध्यंतरालाच पळाले होते."

"तुझे डोळे आहेत की गोट्या?" तो विचारायचा, आणि ती हसून हसून खोकायला लागायची.

"पहिल्यापासून लाव," तो आता म्हणाला. "आणि या खेपेला नीट बघ. पटलं तर छापून टाक, की मी चुकलो. तिची फार इच्छा होती."

"छापीन," मेहुणा म्हणाला. त्याला खरंच छापायचं होतं.

सिनेमा सुरू झाला. दीपगृहाचा रखवालदार बायकोशी भांडला. जिना चढला. दार आपटलं. मग लाटांचा आवाज आला. त्याने मेहुण्याचं मनगट धरलं.

"आता बघ. इथे कुणी बोलत नाही."

"आठवतंय. मी लिहिलं होतं, चार मिनिटं नुसतं पाणी."

"पाणी कसलं! त्याची बायको खाली अंगणात लाल शाल वाळत घालते. स्वयंपाक झालाय, या, अशी खूण. हा वरून बघतो, पण रागात आहे, उतरत नाही. मग वारा सुटतो, शाल उडते, आणि हा जिन्यावरून धावत सुटतो. त्या दिवशी इथेच थांबवला होता. थिएटरात पाहिला तेव्हा आम्हाला ही शाल कळलीच नव्हती."

मेहुणा पडद्याकडे वाकला.

"आली ना शाल?"

"भाऊजी, ही प्रत कापलेली असेल."

"तीच प्रत आहे. मशीनमधून काढलेलीच नाही."

मेहुण्याने सिनेमा मागे नेला. पुन्हा दार आपटलं. पुन्हा लाटा.

"शाल नाहीये," मेहुणा शेवटी म्हणाला. "अंगणही नाहीये."

"पोस्टमनचा लाव."

मेहुण्याने लावला. खडीच्या रस्त्यावर पोस्टमनचे बूट वाजत राहिले.

"कुत्रं?"

"नाही."

स्वयंपाकघरात फ्रीज घरघरला आणि थांबला. टेबलावरचा डबा निवून गेला होता.

"पुन्हा दीपगृहाचा लाव. मध्यंतरापासून पुढे."

"आता कशाला, भाऊजी?"

"लाव म्हटलं ना. आणि ती बसायची तिथे बस."

मेहुण्याने खुर्ची ओढून त्याच्या उजव्या कानाशी घेतली.

"हं. सांग."

"पाणी आहे."

"पुढे?"

मेहुण्याचं निम्मं आयुष्य सिनेमांवर लिहिण्यात गेलं होतं. त्याने घसा खाकरला. "पाण्यावर... लांब काहीतरी लाल..."

"राहू दे," तो म्हणाला. "तुला नाही जमायचं."

सहाव्या वर्षी तापात त्याची नजर गेली, ती परत आली नव्हती. चाळीस वर्षांतला एकूण एक सिनेमा तिने त्याच्या कानात सांगितला होता. शालीचं पुढे काय झालं, तेवढं सांगायचं राहिलं.