पिवळी खूण
दर शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या फ्लिंट या मोटारींच्या शहरात कॉफीच्या दुकानापुढे आम्ही जुन्या गाड्यांचे वेडे जमतो, बॉनेट उघडतो आणि आठवड्याचं काम एकमेकांना दाखवतो. या वेळी माझ्या सत्तर सालच्या गाडीचा इंजिनामागचा, आधी गंजलेला पत्रा आता आरशासारखा चमकत होता. "कारखान्यातल्या तपासनिसाची खूण कुठाय रे? ती नसली तर स्पर्धेत गुण कापतात!" आमच्यातला ड्वेन म्हणाला. मी त्याच्याकडून पिवळा खडू घेतला आणि पत्र्यावर ऐटीत बरोबरची खूण केली. शिट्ट्या पडल्या. "ह्यांची अशी नसायची," मागून शेजारच्या ओडेसाकाकू म्हणाल्या. त्यांचे मिस्टर तीस वर्षं, माझी गाडी बनली त्याच कारखान्यात गाड्या तपासायचे. गेल्या वर्षी वारले. "हे खुणेच्या शेपटीला गाठ मारायचे. लिहायला काही शिकले नाहीत. त्यांच्या हातचं लिहिलेलं म्हणशील तर तेवढंच. तुझ्या गाडीवर कशी होती रे?" घाणीखाली गाठ मारलेली पिवळी शेपटी मी पाहिली होती, आणि गंज काढताना वाळूचा मारा करून मीच ती उडवली होती. "गेली, काकू." "मग फोटो असेल की! तुम्ही मेले खिळ्याखिळ्याचे काढता." गंज काढण्याआधी ग्रुपवर टाकलेला फोटो मी मोबाइलवर शोधून दिला. काकूंनी चष्मा लावला. मधोमध गंजाचं भलंमोठं भोक, खाली दोस्तांची थट्टा आणि अगदी कडेला पिवळ्या रेघेचं जेमतेम टोक. काकू बोटाने फोटो सरकवत राहिल्या, उरलेली खूण आत येईल म्हणून.