भिंतीवर नसलेली अक्षरं

"क, र, म, प, ह." ती न अडखळता वाचत होती. "खालची ओळ वाचू? त, ल, ज, भ, स."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग तिच्या नवऱ्याकडे. भिंतीवर यातलं एकही अक्षर नव्हतं.

नवरा खुर्चीमागे उभा होता. तो चष्मेवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं, आणि ही अक्षरं त्याच्या चांगल्याच ओळखीची होती. त्याच्या दुकानातल्या तक्त्याच्या या ओळी. गिऱ्हाईक त्या मोठ्यानं वाचायचं आणि बायको शेजारी गल्ल्यावर बसून ते ऐकायची. सगळा संसार तिनं तेच ऐकत काढला होता, झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. दवाखान्यातही तोच तक्ता असेल, अशी बिचारीची समजूत.

"काकू, ही माझी बोटं किती दिसतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुठं?" ती म्हणाली.

तसा चष्मेवाला फसणाऱ्यातला नव्हे. बाजारात त्याला सगळे 'कशावरून' म्हणायचे. कुणी म्हणालं, देवाच्या कृपेनं पोरगं पास झालं, की हा विचारणारच, कशावरून? लोक वैतागायचे, पण त्याला खोटं पाडणं कुणाला जमायचं नाही. डोळ्यांत मंतरलेलं पाणी घालणाऱ्या एका म्हातारीला त्यानं दटावून दवाखान्यात धाडलं होतं आणि तिचा डोळा वाचला होता. देव मानायचा नाही, दिसेल ते मानायचं, तेसुद्धा तपासून. एवढंच त्याचं शास्त्र. खरं सांगायचं तर त्यात चूक काहीच नव्हती.

बायकोचं उलट. रोज सकाळी खिडकीपाशी ती डोळे मिटून, हात जोडून बसायची. हा चहा गाळता गाळता चिडवायचा, "काय गं, मिटलेल्या डोळ्यांना जास्त दिसतं वाटतं?" ती हसायची. पुढे पुढे हसेनाशी झाली. ते काही याच्या ध्यानात आलं नाही.

गेल्या आठवड्यात ती दुकानाच्या काचेच्या दारावर आदळली आणि भुवईला टाके पडले. टाके घालणाऱ्यानं डोळे दाखवून घ्या म्हटलं, तर चष्मेवाल्याला त्याचाच राग आला. "तिचे डोळे मी स्वतः तपासतो," तो म्हणाला. तपासत होताच. अधूनमधून तिला त्या तक्त्यासमोर बसवायचा, ती घडाघडा वाचायची, आणि हा खूश होऊन म्हणायचा, "वीस वर्षांच्या पोरीचे डोळे आहेत तुझे!" गिऱ्हाईक असं घडाघडा वाचू लागलं असतं, तर त्याला तिथंच शंका आली असती. कपाटावर दुसरा तक्ता धूळ खात पडला होता, संशय आला की तो काढायचा. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ते उगीच नाही. बायकोसाठी दुसरा तक्ता काढावा, असं त्याला कधी वाटलंच नाही. आजही तो तिला इथं घेऊन आला होता, तो टाके घालणाऱ्याला खोटं पाडायला.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं.

"काचबिंदू आहे. आतली नस सुकलीय. उरलंय तेवढं राखायचा प्रयत्न करू, पण गेलेलं परत येणार नाही." मग चष्मेवाल्याकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "काका, दोन वर्षं आधी आणलं असतंत तर..."

बाहेरच्या बाकापर्यंत त्यानं तिला दंडाला धरून आणलं. आता तिचं चाचपडणं त्याला पावलोपावली दिसत होतं. पाय टेकायच्या आधी ती जमीन शोधत होती. हे आज सुरू झालेलं नव्हतं, आणि आपण रोज तिच्या शेजारून चालत होतो, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटली की तो चिडायचा. तसाच चिडला.

"मला फसवलंस! अगं, सगळ्या गावाचे डोळे बघतो मी. माझ्यापासून लपवलंस?"

"आधी वाटलं, देवाकडे मागितलं तर थांबेल," ती म्हणाली. "रोज तेच मागत होते. नाही थांबलं. तोवर तुम्हाला सांगायची सोय राहिली नव्हती."

"सोय म्हणजे? मी काय खाणार होतो तुला?"

ती ज्या बाजूला बघत होती, तिथं तो नव्हता. तो उठून त्या बाजूला जाऊन बसला.

"माझा दादा गेला तो दिवस आठवतो?" ती म्हणाली. "त्याच्या दुखण्यात मी किती हात जोडले, तुम्ही बघत होतात. त्याला पोचवून तुम्ही घरी आलात आणि दारातच मला विचारलंत, 'मग? ऐकलं का तुझ्या देवानं?' मला नुसतं रडायचं होतं हो. माझ्या डोळ्यांवरूनही तुम्ही तेच विचारलं असतंत. म्हटलं, त्यापेक्षा डोळे गेलेले परवडले."

चष्मेवाल्याला तो दिवस चांगला आठवत होता. त्या दिवशी आपण वाद जिंकलो, एवढंच त्याला आठवत होतं.