कोमट थेंब

“आजपासून या कारखान्यात वरून तेलाचा एक थेंबही पडणार नाही. विजेचं युग आलंय,” सिनसिनाटीच्या त्या कारखान्यात फोरमन लोरेन्झने घोषणा केली, आणि त्याच्या नाकावर थेंब पडला.

“युगाला सर्दी झालीय, साहेब,” लेथवरचा क्लेम म्हणाला. सगळे हसले.

लोरेन्झने वर पाहिलं. छताखालच्या ज्या लांब दांड्यावरून पट्ट्यांनी सगळी यंत्रं फिरत, तो भंगारात गेला होता. आता प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर होती. वर नुसत्या तुळया होत्या.

त्या दांड्याला म्हातारा डीट्झ तेल घालायचा. लोरेन्झला त्यानंच हाताशी धरून शिकवलं होतं. ‘उद्यापासून येऊ नका’ हे तोंडावर सांगायची लाज वाटली, म्हणून महिन्याभरापूर्वी लोरेन्झने डीट्झ वर असतानाच खालून ओरडून सांगितलं आणि ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं. त्याची वर चढायची शिडी त्याच दिवशी जळण म्हणून शेगडीत गेली.

डीट्झला उतरताना कुणी पाहिलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

दुसरा थेंब मानेवर पडला. तो कोमट होता.

लोरेन्झने मान वर केली नाही. वरून ओळखीचा खोकला आला.

“पोरा,” डीट्झ अगदी संकोचून म्हणाला, “सवड असेल तर जरा शिडी लावतोस का?”