स्पीकर जरा खाली घ्या

परगावी राहणाऱ्या मुलाने अण्णांच्या स्वयंपाकघरात, अगदी छतात, स्पीकर बसवून दिला होता. रोज सकाळी आठच्या ठोक्याला वरून त्याचा आवाज यायचा, "अण्णा, कसे आहात?"

अण्णा हातातला कप खाली ठेवायचे आणि मान वर करून, घसा ताणून सगळं सांगायचे. गुडघा सुजलाय. परवा बाथरूममध्ये पाय घसरला, कपाळाला चार टाके पडले. वरचा आवाज जरा थांबायचा आणि म्हणायचा, "छान! काळजी घ्या."

टाक्यांनाही पोरगं 'छान' म्हणालं, तेव्हा अण्णांनी स्पीकर बसवणाऱ्याला बोलावून घेतलं.

"माझं बोलणं त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही हो. हा जरा खाली घ्या. इथे, खुर्चीशेजारच्या भिंतीवर."

तो शिडीवर चढला, जाळी काढून पाहिली आणि पुन्हा होती तशी बसवली. खाली उतरल्यावर त्याने उगाचच हात पुसले.

"काका, कुठेही लावला तरी तेच. याला माईक नाहीये. त्यांनी एकदाच बोलून ठेवलंय, ते रोज आठला आपोआप लागतं."

"बरं," अण्णा म्हणाले आणि त्याला शिडी उचलू लागले.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता छताने विचारलं, "अण्णा, कसे आहात?"

अण्णा खाली मान घालून चहा पीत राहिले.


"छान! काळजी घ्या."