खुंटावरची अळंबी

चंद्रभानने श्वास रोखला आणि नेमकी तेव्हाच वाऱ्याची झुळूक आली. खुंटावरच्या अळंब्या थरथरल्या. त्याने कॅमेऱ्याच्या बटणावरचं बोट उचललं आणि तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली.

तो चिखलात पालथा पडला होता. सहासष्ट सालचा श्रावण चालू होता. वाघोबाच्या खिंडीखाली, पायवाटेपासून जरा आत, झाडी इतकी दाट की भर दुपारी संध्याकाळ वाटावी. समोर हातभर उंचीचा एक कुजका लाकडी खुंट होता आणि त्याच्या भेगेत त्या उगवल्या होत्या. काडीच्या गुलाएवढ्या, नारिंगी, इतक्या नाजूक की उजेड आरपार जात होता. एकीच्या टोपीवर पाण्याचा थेंब अडकला होता. चंद्रभानला तो थेंबच हवा होता.

चंद्रभान मूळचा अमरावतीकडचा. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथे तो नकाशे काढायचा आणि बोईसरला खोली घेऊन राहायचा. सुट्टीला सोबतचे पत्ते कुटत बसत. हा मात्र कॅमेरा गळ्यात अडकवून रान तुडवायचा. भिंगामागे कड्या जोडल्या की मुंगीसुद्धा बोटाएवढी दिसायची. मुंबईच्या प्रदर्शनात यंदा आपला फोटो लागलाच पाहिजे, असं त्याने मनाशी धरलं होतं. रंगीत फिल्म मोठ्या मिनतवारीने मिळाली होती आणि आता तिच्यात एकच फोटो उरला होता.

जागा मात्र अडचणीची होती. कॅमेऱ्याची तिपाई फार उंच पडत होती. शेजारी गवतात तीन दगड मांडलेले होते. कुणा गुराख्याची जुनी चूल असेल. ते त्याने उचलून कॅमेऱ्याखाली रचले. आड येणारं गवत मुळासकट उपटलं. पाण्याने भरलेली एक करवंटी मध्येच होती, ती लाथेने झुडपात उडवली.

वाटेवर पावलं वाजली. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला गुडघ्यापर्यंतचं लुगडं आणि चिखलाने माखलेले पाय दिसले. अळंब्या तोडायला आली असणार. बरं झालं, हिच्याआधी आपण पोचलो.

“तिथंच थांबा, बाई,” तो मान न वळवता म्हणाला. “जरा वेळ लागेल.”

पाय थांबले. पाऊस भुरभुरू लागला. चंद्रभानने कॅमेऱ्यावर रुमाल धरला. वारा पडेपर्यंत तो वाट बघत राहिला. मागे ती बाई भिजत उभी होती, ते त्याला कळत होतं. पण आता हललो तर थेंब जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

अखेर वारा पडला. कॅमेरा खटकला. फोटो साधला हे त्याला त्या आवाजावरूनच कळलं. तो खुशीत उठला, कॅमेरा उचलून गळ्यात घातला आणि बाजूला झाला.

बाई पुढे आली. तिशीची असेल. हातात सागाच्या पानात गुंडाळलेली तांदळाची भाकर होती. अळंब्यांकडे तिने पाहिलंही नाही. खाली बसून तिने ते तीन दगड एकेक करून उचलले, पदराने पुसले आणि खुंटाभोवती होते तसे मांडले. मग ती इकडेतिकडे काहीतरी शोधू लागली.

“करवंटी कुत्र्यानं नेली आसंल,” ती स्वतःशीच बोलली.

चंद्रभानची नजर झुडपाकडे गेली. “काय आहे इथं?”

“माजी पोर हाय, सायब. तानी.” तिने ओल्या मातीवरून हात फिरवला. “सात वर्सांची व्हती. गेल्या पावसात तापानं गेली.”

छातीवर, पोटावर, मांड्यांवर थापलेला चिखल चंद्रभानला एकदम थंडगार लागला. इतका वेळ आपण कुणाच्या अंगावर पडलो होतो, ते त्याला उमगलं. माफ करा, एवढं तरी म्हणायचं होतं. पण त्याच्याआधी तीच बोलली.

“हितं कोन येत नाय. तिचा बापबी येत नाय. तुमी जागा साफ केली, गवात काडला. मातीत आडवे पडून पाया पडत व्हते, म्हून मी गप उबी ऱ्हायले.” तिने मान वर केली. “तुमी वळखत व्हते तिला?”

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण ती अशी बघत होती की चंद्रभानच्या तोंडून ते निघेनात. चिखलाचे हात त्याने पाठीमागे नेले.

“हो,” तो म्हणाला. आणि नुसतं हो म्हणून भागेना, म्हणून गेलेल्या पोराबद्दल लोक जे बोलतात तेच तोही बोलून गेला. “या वाटेनं जाता-येता भेटायची. फार गोड बोलायची हो पोरगी.”

दगडावर भाकर ठेवता ठेवता बाईचा हात थांबला. ती उठली. जवळ आली. आता ही रडणार, असं वाटून चंद्रभानने नजर खाली घातली. तिने दोन्ही हातांनी त्याची ओली बाही घट्ट धरली.

“तुमच्यासंगं बोलायची? काय बोलायची, दादा? सांगा ना. आमी तर तिला जन्माची मुकी समजत व्हतो.”