बुवांच्या गळ्यातली खरखर

या, पुढे सरकून बसा; पेटीवाल्या कमलाकाकूंची गोष्ट सांगतो.

काकूंचे यजमान नारायणबुवा कीर्तनकार. आजारात आवाज गेला म्हणून त्यांच्या गळ्यात यंत्र बसवलेलं. आवाज मात्र बुवांचाच, खरखरीत. परदेशात कुणी यंत्राच्या मूळ कोडमध्ये काही बदललं, की बुवा गप्प होताच गळ्यातलं सॉफ्टवेअर आपोआप नव्याने तयार होई. रामनवमीला पूर्वरंग संपला, बुवा बुक्का-हारासाठी थांबले आणि उत्तररंगाला चक्क गुळगुळीत, परक्या आवाजात गाऊ लागले. काकूंनी पेटी सोडून कपाळाला हात लावला.

"खरखर हा दोष होता, तो काढलाय," फोनवर कंपनीचा माणूस म्हणाला.

"अहो, त्या दोषाशीच संसार केलाय मी."

शेवटी काकूंनी मूळ कोड लिहिणाऱ्या इल्सेला गाठलं आणि बुवांचं जुनं कीर्तन पाठवलं. मराठीचा गंध नसलेल्या त्या मुलीने ते अख्खं ऐकलं आणि खरखर परत घातली. एकादशीच्या कीर्तनात हार घालून घेतल्यावर बुवा गाऊ लागले ते स्वतःच्या आवाजात.

"आता बोलत राहा," काकू पुटपुटल्या. "गप्प बसलात की कुणीतरी सुधारतं तुम्हाला."

हरिनाम घ्याल तेव्हा त्या इल्सेलाही आठवा, बरं का.