चार बोटं जास्त

दिग्रसचं नवं कापडदुकान दिवाळीपर्यंत चाललं नाही तर कुलूप लावू, असं बशीरनं ते सांभाळणाऱ्या धाकट्या भावाला, नजीरला, बजावलं होतं. पुसदच्या जुन्या दुकानात बशीर मीटर संपला की आपली चार बोटं आडवी ठेवून तेवढं कापड जास्त द्यायचा. नजीरही तसंच करायचा, तरी गिऱ्हाईक टिकेना. आज बशीर आईला, हुस्नाबीला, घेऊन बघायला आला. समोरच तानाबाई या गिऱ्हाइकानं मोजलेलं कापड मागं सरकवलं. “नजीरभाऊ, तुयी बोटं बारीक हायेत. मी पुसदलेच जातो!” अख्खं दुकान हसलं. नजीरनं हात खिशात घातले. हुस्नाबीनं मात्र बशीरचा पंजा ओढून सागवानी पट्टीवर मीटरच्या खुणेपुढे ठेवला आणि खडूनं रेघ मारली. “सुताराले सांग, इथं पितळी खिळा ठोक. अशा सहा पट्ट्या पायजेत.” “सहा? अम्मा, दुकानं तर दोनच हायेत!” बशीर म्हणाला. “आज दोन हायेत.”

१९६७ साली मारेगावात सहावं दुकान उघडलं. गल्ल्यामागं नजीरनं नोकरांसाठी पाटी रंगवली:

“माप खिळ्यापर्यंत. पाहुणा असो, तहसीलदार असो, खिळ्यापर्यंत. गिऱ्हाईक भांडलं तर पट्टी त्याच्याच हाती द्या. आणि बशीरभाई कुठं आहेत, असं कोणी विचारलं, तर आपल्या मापात काहीतरी चुकलं समजा.”

पहिल्या दिवशी बशीर मुद्दाम पुसदलाच थांबला. तिसऱ्या दिवशी नजीरची चिठ्ठी आली: “भाईजान, सारं कापड संपलं. तुमचं नाव कोणी काढलं नाही. मुबारक!”